एअरलॉकच्या राखणदाराचा विकास

सदर इसम नामे इंग्वे थुरेल, वय सत्तावन्न, राहणार वेनेर्सबोर्ग, सरोवराच्या दक्षिण टोकाला. धंदा: कालव्यावरचा पूल उघडणे व बंद करणे. वर्ण गोरा, वसंतात गुलाबी. बांधा मध्यम. ओळखचिन्ह नाही, चष्मा आहे, परंतु या भागात तो ओळखचिन्ह धरला जात नाही. वैवाहिक स्थिती: लागू नाही. मंडळातील दर्जा: साधा सभासद. धारण केलेले पात्र: एक. पात्राचे नाव हाल्स्टेन, हुद्दा 'वादळपक्षी' या मालवाहू अवकाशयानाच्या एअरलॉकचा राखणदार. पात्राची शस्त्रे: नाहीत. पात्राचे शत्रू: नाहीत. पात्राचा गेल्या अकरा वर्षांतील विकास: निरंक.

या शेवटच्या शब्दानं त्याची झोप उडवली.

आमचं मंडळ दर गुरुवारी जुन्या अग्निशमन केंद्राच्या तळघरात जमतं. गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप, वर मोहरीची चटणी, मग मुरांबा घातलेले पॅनकेक, आणि मग अवकाश. एक सूत्रधार असतो. दाराबाहेर काय आहे ते तो सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडानं बोलतात, ते पात्र करील ते करतात, आणि जमलं की नाही याबद्दल शंका आली तर फासे टाकतात. बाहेरून बघणाऱ्याला काही प्रौढ माणसं टेबलाभोवती बसून नसलेल्या गोष्टींवर गंभीरपणे वाद घालताना दिसतात. नगरपालिकेच्या बैठकीसारखंच आहे ते, फक्त आमच्याकडे सूप असतं.

इंग्वे आमच्याकडे तक्रार घेऊन आला होता. तो वरच्या मजल्यावर राहतो, आणि फाशांचा आवाज पाइपांतून त्याच्या न्हाणीघरात जायचा. तक्रार करायला आलेल्याला खुर्ची आणि कॉफी द्यायची, म्हणजे तक्रार आपोआप मऊ पडते, ही इथली रीत. तो बसला. त्या दिवशी आम्ही सगळे यानाबाहेर अडकलो होतो, दार मिटत चाललं होतं आणि फासे काही केल्या आमच्या बाजूनं पडत नव्हते. कोणीतरी आतून दार धरणं भाग होतं आणि आत कोणीच नव्हतं.

"मी धरतो," इंग्वे म्हणाला.

तेव्हापासून त्यानं ते धरलेलं आहे.

त्या अकरा वर्षांत उर्बानचा तस्कर आम्हाला दोनदा विकून आला, एक हात गमावून बसला, संन्यासी झाला, आणि बहुधा वनस्पती असलेल्या कशाच्या तरी प्रेमात पडला. उर्बान स्वतः लोकांच्या स्वयंपाकघरात फडताळं बसवतो. मायकेनची शल्यविशारद देवावरची श्रद्धा हरवून बसली, ती परत मिळवली, आणि आता पिते. मायकेन शाळेत परिचारिका आहे आणि पीत नाही. माझा मेकॅनिक चुकून कप्तान झाला. हाल्स्टेननं दार उघडलं आणि दार लावलं. आम्ही कुठल्या तरी भयंकर ग्रहावरून निम्मे जळून, निम्मे वेडे होऊन परतलो, की तो एअरलॉकमध्ये, म्हणजे दोन दारांमधल्या त्या कोंदट खोलीत, उभा असायचा आणि विचारायचा, "किती जण? कोण जखमी? पाय पुसले?"

"अरे, अवकाशात चिखल नसतो," उर्बान दर वेळी म्हणायचा.

"तरी पण," इंग्वे म्हणायचा.

मागच्या शरदात आमचे जुने सूत्रधार नातवंडापायी लांब उत्तरेला, उमेओला राहायला गेले आणि त्यांच्या जागी तुवा आली. तुवा एकतीस वर्षांची. शेजारच्या ट्रोलहेत्तानला एक अवकाशमालिका तयार होते, तिच्या लेखकांच्या खोलीत ती काम करते. ती ट्रेननं यायची, खेळ संपला की शेवटची गाडी गाठायला पळायची, आणि मधल्या वेळात तिनं आमचा खेळ कुठल्या कुठे नेला. तिच्या आधी परग्रहावरचे शत्रू रांगेत उभे राहून गोळी खायची वाट बघायचे. तिच्यानंतर त्यांना आया होत्या, आणि त्या आया दारात येऊन उभ्या राहायच्या. आम्ही तिला घाबरून होतो. हुशार दातांच्या डॉक्टरला माणूस घाबरतो, तसं.

मार्चमध्ये एकदा पॅनकेक खाता खाता ती तिच्या मालिकेतली गंमत सांगत होती. मालिकेत एक गोदीचा वाटाड्या होता. दर भागात येऊन अवकाशयानं धक्क्याला लावायचा आणि जायचा. लेखकांच्या खोलीत फळ्यावर सगळ्या पात्रांपुढे बाण काढलेले असत, कोण कुठून कुठे जाणार याचे. वाटाड्यापुढे नुसता ठिपका होता. दुसऱ्या पर्वाअखेर त्याला कथेतून काढून टाकलं.

"तो नट मला कॉरिडॉरमध्ये भेटला," तुवा सांगत होती. "बिचारा विचारतो, माझं काय चुकलं? मी म्हटलं, तुझं काहीच चुकलं नाही. तू काहीच केलं नाहीस, एवढंच."

उर्बान हसला. मीही हसलो. इंग्वेचा काटा हवेत थांबला होता.

"प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असतं," तुवा म्हणाली. "ते मिळत नाही. त्यातून ते बदलतं. बदललं नाही तर ते पात्र नव्हे, फर्निचर."

"मला बायको हवी होती," उर्बान म्हणाला. "ती मिळाली आणि त्यातून मी बदललो. हे कुठल्या मालिकेत बसतं?"

"विनोदी मालिकेत," मायकेन म्हणाली.

मग तुवानं नियम सांगितला. या पर्वाच्या शेवटी, उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी, वादळपक्षी एका बंदराला लागेल. पर्वाच्या सुरुवातीला होतं तसंच जे पात्र राहिलं असेल, ते तिथं उतरेल आणि यान त्याच्याविना पुढे जाईल. हे सांगताना ती इंग्वेकडे बघत नव्हती. आमच्यापैकी कोणीच इंग्वेकडे बघत नव्हतं. सगळ्यांनी मिळून एका माणसाकडे न बघणं म्हणजे आमच्याकडे ठराव संमत झाल्यासारखंच असतं.

"खेळाडूला नवीन पात्र करता येईल की," तुवा घाईनं म्हणाली. "एकदम ताजं. जखमा, गुपितं, सगळं असलेलं."

"हो," इंग्वे म्हणाला, आणि त्यानं मोहरीची चटणी मागितली. त्याच्या पुढ्यात पॅनकेक होता. चटणी मागून घेतल्यावर न खाणं बरं दिसेना, म्हणून त्यानं तो मोहरी लावून संपवला.

नवीन पात्र करण्याचा त्यानं प्रयत्न केला होता, हे पुढे कळलं. पुलाच्या नियंत्रणकक्षात दोन बोटींच्या मधल्या वेळात तो बसून विचार करायचा: भाडोत्री सैनिक, पळालेला राजपुत्र, हेर. प्रत्येक जण थोड्या वेळानं एअरलॉकपाशी जाऊन उभा राहायचा. मग त्यानं ठरवलं की हाल्स्टेनलाच बदलायचं. वेळ थोडा होता, आणि हाल्स्टेनला सवय नव्हती.

पुढच्या गुरुवारी खेळ रंगात आलेला असताना इंग्वे अचानक म्हणाला, "माझा एक भाऊ होता."

तुवाचे डोळे चमकले. ती पुढे झुकली. "काय झालं त्याचं?"

इंग्वे विचारात पडला. आम्ही वाट बघत होतो. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तो बरा आहे," तो म्हणाला.

त्याच्या पुढच्या वेळी त्यानं जाहीर केलं की हाल्स्टेनला आताशा अंधाराची भीती वाटते. उर्बान म्हणाला, मग दिवा लाव. इंग्वेनं दिवा लावला, आणि प्रश्न मिटला. मग त्यानं राग करून बघितला. मायकेनच्या शल्यविशारदेला तो म्हणाला, "तू नेहमी उशिरा येतेस." मायकेननं चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. तिचं पात्र अंगात आलं की ती चष्मा काढते. इंग्वे म्हणाला, "म्हणजे, हरकत नाही."

तुवाच्या वहीतला त्याच्या नावापुढचा ठिपका आम्हाला दिसत नव्हता, पण तिथं तो आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये तुवा एकदा बोलता बोलता म्हणाली, की सगळ्यात सोपा बदल म्हणजे निघून जाणं. वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं पात्र स्वतःहून उठून गेलं, तर ते बदललंच की. फक्त ते अचानक नको. प्रेक्षकाला आधी हळूहळू चाहूल लागायला हवी. आणि गेलेलं पात्र पुढच्या पर्वात परत आलं, तर लोकांना ते फार आवडतं. हे ती तिच्या मालिकेबद्दल सांगत होती. इंग्वेनं ते स्वतःसाठी ऐकलं.

त्याची योजना अशी होती: यान सोडायची वेळ येण्याआधी हाल्स्टेननं आपण होऊन यान सोडायचं. त्यानं विकास सिद्ध होईल. मग ऑगस्टमध्ये विकसित हाल्स्टेन परत येईल आणि दार धरील. थोडक्यात, राहता यावं म्हणून जायचं. ही योजना त्यानं कोणालाही सांगितली नाही, कारण तुवाच्या मते प्रेक्षकाला चाहूल लागावी, पण कळू नये.

चाहूल तो मन लावून द्यायला लागला. अडकलेलं दार मोकळं करायची एक पहार हाल्स्टेनकडे अकरा वर्षं होती. ती त्यानं माझ्या मेकॅनिकला दिली. "तुझ्याकडे असू दे," तो म्हणाला. "मला आता लागणार नाही." पुढच्या आठवड्यात त्यानं आपला अस्तराचा कोट उर्बानच्या तस्कराला दिला. मग मायकेनकडे वळून म्हणाला, "तू माझी चांगली काळजी घेतलीस. बाकीच्यांचीही घेशील ना?"

आता यात अडचण अशी होती, की आम्ही बाकीचे पात्राच्या तोंडानं बोलताना कळतं. उर्बान घशातून खरखरीत आवाज काढतो, मायकेनचा चष्मा उतरतो, मी म्हणे जरा ताठ बसतो. इंग्वेनं हाल्स्टेनसाठी वेगळा आवाज कधी केलाच नव्हता. हाल्स्टेन इंग्वेच्याच आवाजात बोलायचा, इंग्वेच्याच खुर्चीत पोक काढून बसायचा. त्यामुळे तळघरात त्या संध्याकाळी एवढंच ऐकू आलं, की इंग्वे थुरेल आपल्या वस्तू वाटतोय आणि निरोप घेतोय.

मायकेननं चमचा खाली ठेवला. खेळ संपल्यावर तुवा गाडीसाठी पळाली, इंग्वे वर गेला, आणि मायकेननं उर्बानला आणि मला सायकलींपाशी थांबवलं.

"मुलं आपल्या वस्तू वाटायला लागली," ती म्हणाली, "की मी मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसते. माझ्या कामातलं पहिलं शिक्षण आहे ते."

"अगं पण तो कोट खरा नाही," उर्बान म्हणाला.

"वाटणारा खरा आहे."

उर्बान सायकलचं कुलूप उघडत होता. त्यानं ते परत लावलं.

"मग विचार की त्याला," तो म्हणाला.

"तू त्याच्या शेजारी बसतोस. तू विचार."

"मी काय विचारू? फडताळं कशी आहेत, एवढंच मला विचारता येतं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. शेवटी असं ठरलं, की तूर्त कोणीच काही विचारायचं नाही. सगळ्यांनी त्याच्याशी चांगलं वागायचं. आमच्याकडे अवघड गोष्टींची सुरुवात अशीच होते, आणि बऱ्याचदा शेवटही.

आम्ही चांगलं वागायला लागलो. त्याचा परिणाम भयानक झाला.

आधी उर्बाननं शेवटचा बन पुढे केला. कॉफीबरोबरचा शेवटचा दालचिनी बन आमच्याकडे कोणी खात नाही. त्याचा अर्धा घेतात, मग उरलेल्याचा अर्धा, मग त्याचा. शेवटी बशीत दालचिनीचा एक कण राहतो आणि तो धुतला जातो. उर्बाननं अख्खा बन बशीसकट इंग्वेपुढे सरकवला आणि म्हणाला, "खा रे. तुझा आहे तो." इंग्वेचा चेहरा पांढरा पडला. शेवटचा बन अख्खा कोणाला देतात, हे त्यानं मनातल्या मनात ताडून बघितलं, आणि उत्तर त्याला आवडलं नाही.

मग मी ड्रिल मागायला त्याच्या दारात उभा राहिलो. न कळवता. इथं कोणी न कळवता दारात आलं, तर ते पाइप तपासायला आलेलं असतं किंवा वाईट बातमी घेऊन. माझ्या हातात पाइपांची हत्यारं नव्हती. त्यानं मला आत घेतलं, कॉफी केली, आणि ड्रिल टेबलावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. मी हवेबद्दल बोललो. बर्फ या वर्षी लवकर गेला, असं म्हणालो. तो म्हणाला, हो, गेला. मग मी, माझ्या मते अगदी सहज, विचारलं, "झोप लागते ना?"

"लागते," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायकेन सूप घेऊन गेली. शनिवारी उर्बान त्याचं एक फडताळ नीट लावून द्यायला गेला. ते मुळात नीटच होतं. इंग्वेच्या घरात एका आठवड्यात इतकी माणसं त्याच्या आईच्या निधनानंतर आली नव्हती. प्रत्येक जण चुळबुळत बसायचा, त्याच्याकडे बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, आणि हवेबद्दल बोलून निघून जायचा. इंग्वेनं यातून जो निष्कर्ष काढला, तो त्याच्या जागी मीही काढला असता: यांचं ठरलंय. मला काढायचं ठरलंय, आणि ते कोणी सांगायचं हे ठरत नाहीये.

त्यामुळे तो आणखी घाबरला. घाबरला म्हणून झोपेना. झोपेना म्हणून आणखी वाईट दिसायला लागला, आणि तो वाईट दिसायला लागला म्हणून आम्ही आणखी सूप नेलं. मे महिन्यात एका दुपारी शिडाची एक नाव पुलाखालून निघून गेली तरी पूल वरच राहिला. मोटारींची रांग चौकापर्यंत गेली आणि कोणीतरी हॉर्न वाजवला. वेनेर्सबोर्गमध्ये हॉर्न वाजला तर संध्याकाळपर्यंत त्याची चर्चा चालते. मायकेनला ते शाळेत कळलं.

तिनं मला फोन केला. "तो पुलावर बसून कुठं बघत होता, हे तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मलाही नाही. गुरुवारी मी त्याला सरळ विचारणार आहे. तोपर्यंत उर्बानला सांग, त्याला घरी सोडत जा."

"अगं, तो वरच राहतो."

"मग वर सोडा."

इंग्वे त्या वेळी पाण्याकडे बघत नव्हता, हे त्यानं नंतर सांगितलं. तो हाल्स्टेनची निघतानाची वाक्यं पाठ करत होता.

सुट्टीआधीचा तो गुरुवार. बाहेर लख्ख उजेड होता आणि तळघराच्या बुटक्या खिडकीतून लोकांचे उन्हाळी बूट जाताना दिसत होते. सूप कोणाला गेलं नाही. तुवाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला कोण सांगणार होतं? ती खुशीत होती. तिनं बंदराचं वर्णन फार सुरेख केलं: गोठलेल्या चंद्रावरचा धक्का, पिवळे दिवे, यानाच्या पोटाशी जमलेलं दव. मग ती म्हणाली, "बंदर आलं. कोण उतरतं?"

मायकेननं श्वास घेतला. ती बोलणार तेवढ्यात इंग्वे उठून उभा राहिला. खेळताना तो कधीच उभा राहिला नव्हता. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज सगळ्यांच्या दातांत गेला.

"हाल्स्टेन दार उघडतो," तो म्हणाला. "या वेळी तो आत थांबत नाही. तो बाहेर जातो. माझ्यामागून दार लावून घ्या. मी परत येईन असं धरून चालू नका."

तुवाच्या डोळ्यांत पाणी आलं. लेखकाला हवं ते मिळालं की असं येतं. ती हळू आवाजात म्हणाली, "जाताना तो मागे वळून बघतो का?"

"नाही," इंग्वे म्हणाला.

"थांब, हाल्स्टेन," उर्बान त्याच्या तस्कराच्या खरखरीत आवाजात म्हणाला. "आधी सांग, सगळे... पाय किती... म्हणजे जखमी कोण..." मग त्याचा तो आवाज गेला आणि उर्बानचा स्वतःचा, फडताळं बसवणारा आवाज आला. "इंग्वे, खाली बस रे. बस ना."

मायकेनच्या नाकावर चष्मा होता. तिनं तो काढला नाही.

"इंग्वे," ती म्हणाली, "तू स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करायचं ठरवलंयस का?"

तळघरात फ्रिज आहे. तो किती मोठ्यानं घरघरतो, हे मला तेव्हा कळलं. तुवाच्या हातातले फासे टेबलावर पडले, आणि दान किती पडलं ते कोणी बघितलं नाही.

"नाही," इंग्वे म्हणाला. तो प्रामाणिक माणूस आहे. एवढं उत्तर पुरेसं आहे का याचा त्यानं उभ्याउभ्याच विचार केला. "मी विकास करत होतो."

"कसला?"

"हाल्स्टेनचा. तो आपण होऊन गेला की बदलला असं धरतात. तुवाच म्हणाली होती. मग ऑगस्टमध्ये परत येता येतं." तो थांबला. "पण तुमचं तर आधीच ठरलंय ना, मला काढायचं? म्हणूनच तुम्ही सूप आणत होतात."

"सूप तू जिवंत राहावास म्हणून आणत होते," मायकेन म्हणाली.

"मी जिवंतच आहे."

"ते आता कळतंय आम्हाला." ती एकदम खाली बसली आणि तिनं पालथ्या हातानं डोळे पुसले, चष्म्याच्या खालून.

"आणि तो बन," उर्बान म्हणाला. "मला हवा होता तो बन."

"मला नको होता," इंग्वे म्हणाला. "घशाखाली उतरत नव्हता."

तुवा पांढरी पडली होती. "पण तुला काढायचं असं कोण म्हणालं?" ती म्हणाली. "मी फक्त पात्र बदल म्हणाले होते. माणूस नव्हे. नवीन पात्र केलंस की झालं."

"मला दुसरं पात्र येत नाही," इंग्वे म्हणाला. हे तो टेबलाच्या कडेला उद्देशून बोलला. "मी करून बघितलं. मला इथून जायचं नाही."

त्यानंतर जे झालं ते बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता, किंवा निदान कॉफी ओतायला. त्याऐवजी नियमावरून वाद सुरू झाला. उर्बान म्हणाला, झाला की विकास. याला काय हवंय ते अकरा वर्षांत पहिल्यांदा याच्या तोंडून आलं. तुवा म्हणाली, ते इंग्वे म्हणाला, हाल्स्टेन नव्हे. तिला हे म्हणायचं नव्हतं, तिच्या तोंडून ते निघून गेलं, सवयच तशी. उर्बान म्हणाला, दोघांचा आवाज एकच आहे, कोण म्हणालं हे तू कशावरून ठरवणार? आवाज चढले. सगळ्यांना भांडायला एवढं बरं वाटत होतं, की कोणी थांबेना. इंग्वे मधोमध उभाच होता.

"मग हाल्स्टेनला विचार," मायकेन म्हणाली. "एवढं काय त्यात?"

तुवानं पडलेले फासे गोळा केले. टाकले नाहीत, मुठीत धरून ठेवले.

"हाल्स्टेन," ती म्हणाली, "तू धक्क्यावर उभा आहेस. थंडी आहे. दार तुझ्यामागे अजून उघडं आहे. तुला काय हवंय?"

इंग्वेनं बराच वेळ घेतला. राजपुत्र, हेर, बरा असलेला भाऊ, हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसले असं मी म्हणणार नाही, पण काहीतरी जात होतं खरं.

"दार लावायला हवं," तो म्हणाला. "हवा जातेय."

"आतून की बाहेरून?"

"आतून."

आणि तो खाली बसला.

तुवानं फासे खाली ठेवले. मग म्हणाली, "आमच्या लेखकांच्या खोलीत हे वाक्य कापलं असतं."

"इथे?" उर्बाननं विचारलं.

"इथे तो आत आलाय," ती म्हणाली. "दार लागलंय. पर्व संपलं." आणि ती गाडीसाठी पळाली. त्या दिवशी तिची गाडी चुकली असं ऐकलं; ती बराच वेळ स्टेशनवर बसून होती.

हाल्स्टेनच्या नावापुढे काय लिहावं यावर मंडळात आजतागायत एकमत नाही. 'निरंक' हा शेरा कायम ठेवावा, असं स्वतः इंग्वेचं म्हणणं आहे. उर्बानचा त्याला तीव्र विरोध आहे. सूत्रधारांनी निर्णय राखून ठेवला आहे.

सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी इंग्वे आला नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्याला सर्दी झाली होती. त्यानं वरून मायकेनला फोन केला आणि म्हणाला, माझ्याशिवाय सुरू करा, पुढच्या गुरुवारी येतो. आम्ही सुरू केलं.